त्रेपन्नावा दाता

सुज्ञ व रसिक वाचकहो, सायकल या वाहनाचा परिचय आपणां सर्वांस लहानपणीच, बहुधा गुडघे फोडून घेऊन, झालेला आहे. परंतु त्या सायकलच्या एका अधिक दात्यापायी एका सुस्वभावी शिंप्याच्या घरात केवढे रण माजले, आणि त्याच्या कन्येवर ऐन शर्यतीच्या सकाळी कोणता प्रसंग गुदरला, ही हकिकत अद्याप कोणी लिहून ठेवलेली नाही. ती उणीव दूर करण्याच्या हेतूने प्रस्तुत कथा साद्यंत निवेदन करण्यात येत आहे. कथेत पाल्हाळ नाही. जेथे तो आढळेल तेथे तो गरजेचा होता असे समजावे.

सदरहू शिंप्याचे दुकान एका अरुंद रस्त्यावर, एका चाव्या बनवणाऱ्याच्या आणि एका चष्मेवाल्याच्या मधोमध होते. दुकानामागे मधले दार, दारामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या वर झोपण्याची खोली, असा तो संसार घडी घातलेल्या कपड्यांप्रमाणे नीट रचलेला होता. दुकानात काम करणारी माणसे दोनच, आणि त्या दोघांचे एकमेकांशी लग्न झालेले होते. नवरा माप घेऊन खडूने आखीत असे, बायको कातरीने बेतीत असे, आणि पुन्हा नवरा मशीनवर शिवीत असे.

आता येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी धरावी, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्यातूनच उद्भवला. शिंपी कापडावर एक रेषा कधीच आखीत नाही. तो दोन आखतो. आतली रेषा शिलाईची. सुई तिच्यावरून धावते. बाहेरची रेषा कापायची. कातर तिच्यावरून चालते. दोहोंमध्ये जे चार बोटे कापड उरते त्याला माया असे म्हणतात, आणि पुढेमागे गिऱ्हाईक अंगाने सुटले की ती उपयोगी पडते. आतली रेषा नवऱ्याची, बाहेरची रेषा बायकोची, अशी त्या घरात विवाहापासून वाटणी झालेली होती. दोघांनी एकमेकांच्या रेषेकडे कधी वाकडा डोळा करून पाहिले नव्हते, आणि त्यामुळेच त्यांचा संसार सुखाचा झाला असे दोघेही सांगत.

या दाम्पत्यास एकच कन्या होती. लहानपणी ती बुटकी होती म्हणून तिला गिड्डी म्हणू लागले. पुढे ती एकाएकी उंच झाली, इतकी की बापाला तिच्या खांद्याचे माप घेताना स्टुलावर चढावे लागे. परंतु नाव काही बदलले नाही. गिड्डी सायकलच्या शर्यतीत भाग घेई. कनिष्ठ गटात खेळण्याचे तिचे हे शेवटचे वर्ष होते. या वर्षीच्या शर्यतीत पहिल्या दिवशी टाइम ट्रायल आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची शर्यत होणार होती. टाइम ट्रायल म्हणजे एकेकटीने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. त्या टाइम ट्रायलमधून पहिल्या दोघी मुलींना जिल्ह्याच्या संघात घेणार होते. पैकी पहिली जागा कोण पटकावणार हे सर्वांना ठाऊक होते. इंजिन या टोपणनावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती, आणि तिला हरवण्याचा विचार तिच्या आईच्यादेखील मनात येत नसे. म्हणजे जागा उरली एक. ती एक जागा गिड्डीला हवी होती. ती जेवताना त्या जागेबद्दल बोले, आणि झोपेत बोलली तर तेही त्याच जागेबद्दल असे, असे तिच्या आईचे म्हणणे होते.

कनिष्ठ गटाच्या शर्यतीला एक नियम होता. वाढत्या वयाच्या मुलांनी गुडघ्यांवर भलता जोर देऊ नये म्हणून गिअरला मर्यादा घातलेली होती. सायकल सर्वांत जड गिअरमध्ये घालून पॅडलचा एक पूर्ण फेरा फिरवला, तर ती ठरावीक अंतरापेक्षा पुढे जाता कामा नये. तपासणी सोपी असे. जमिनीवर दोन रेषा. पहिल्या रेषेवर सायकल उभी करायची, पॅडल खाली आणायचे, आणि सायकल मागे ढकलत न्यायची. पॅडल फिरून पुन्हा खाली येईपर्यंत सायकल दुसऱ्या रेषेच्या आत राहिली तर पास. बाहेर गेली तर शर्यतीत प्रवेश नाही, मग तुम्ही कोणाचेही कोण असा.

सायकल दुरुस्त करणाऱ्याने गिड्डीपुढे दोन चेनव्हील ठेवली होती. चेनव्हील म्हणजे पॅडलजवळचे दातेरी चाक. एकाला बावन्न दाते होते, दुसऱ्याला त्रेपन्न. बावन्नाचे खात्रीने पास होईल, त्रेपन्नाचे टायरवर अवलंबून आहे, घरी मोजून पाहा आणि नको असेल ते परत आणून द्या, इतके सांगून तो मोकळा झाला.

त्याच रात्री जेवताना घरात दोन पक्ष पडले. त्रेपन्नाच्या पक्षाचा पुढारी बाप होता. त्याचे तत्त्वज्ञान आयुष्यभर एकच होते, की मुलांचे काहीही घ्यायचे तर एक माप मोठे घ्यावे. टाइम ट्रायलमध्ये कोणी अचानक पुढे पळत नाही, कोणाला गाठायचे नसते, एकाच वेगाने रेटत राहायचे असते. तेव्हा एका फेऱ्यात जितके जास्त अंतर कापले जाईल तितके चांगले, असे त्याने भाकरीचा तुकडा हातात धरून मुद्देसूद मांडले.

बावन्नाच्या पक्षाचा पुढारी गिड्डीचा मामा होता. हा गृहस्थ बँडमध्ये ड्रम वाजवीत असे आणि बहिणीच्या घरी जेवायला आला की ताटावरही वाजवीत असे. त्याच्या मते शर्यत ही पायांची नसून तालाची असते. जड गिअरने पाय संथ पडतात, संथ पायांचा ताल मोडतो, आणि मोडलेला ताल पुन्हा धरायला जन्म जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची शर्यत आहे. तिथे घोळक्यातून कोणी निसटले की झटक्यात वेग घ्यावा लागतो, आणि जड गिअरवर झटका बसतो तो फक्त कमरेला.

“भाऊजी,” तो म्हणाला, “पोरगी सायकल चालवणार आहे, विहिरीचा रहाट ओढणार नाही.”

“एका दात्याने काय रहाट होतो?”

“मग एका दात्यासाठी तुम्ही तरी कशाला अडून बसलाय?”

यावर शिंप्याने पाणी मागितले. गिड्डी म्हणाली, की बाबा, ही पँट नाही. तो म्हणाला, म्हणूनच बोलतोय, पँट आखूड झाली तर खाली पट्टी जोडता येते. मग त्याने निकाल दिला, की वादात अर्थ नाही, उद्या दुकानातच मोजू, आणि त्रेपन्न रेषेत बसले तर त्रेपन्न, नाही तर बावन्न. हे सर्वांना पटले. मामालाही पटले, कारण ते बसणार नाही याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने दुकानातील गिऱ्हाइकांची बाके भिंतीला लावली आणि मापाची टेप घेऊन तो ओणवा झाला. पहिली रेषा त्याने दुकानाच्या उंबरठ्यापाशी आखली. तेथून टेप टाकीत टाकीत तो इस्त्रीच्या टेबलाखालून, मधल्या दारातून थेट स्वयंपाकघरात गेला आणि नियमातील अंतर जेथे भरले तेथे, भांडी घासायच्या मोरीच्या अलीकडे, त्याने दुसरी रेषा आखली. आणि मग, वाचकहो, त्याच्या हाताने जन्मभर जे केले तेच केले. त्या रेषेच्या पलीकडे, किंचित अंतर सोडून, त्याने आणखी एक रेषा आखली. त्याला ते कळलेदेखील नाही. हात खडू खिशात टाकून मोकळा झाला आणि मन त्या वेळी त्रेपन्नाचा विजय पाहण्यात गुंतले होते.

इतक्यात एक लग्नाळू तरुण कोटाची ट्रायल द्यायला आला आणि एक बाही बगलेत काचते म्हणून कुरकुर करू लागला. शिंपी तिकडे अडकला. त्याने तेथूनच बायकोला हाक मारून सांगितले, की सगळे आखून ठेवले आहे, तेवढे बघून घे.

बायको आली. तिच्या भावाने हँडल धरले, गिड्डीने पॅडल खाली आणले, आणि त्रेपन्न दात्यांची सायकल इस्त्रीच्या टेबलाखालून वाकवून, मधल्या दारातून तिरकी काढून, मागे मागे ढकलत स्वयंपाकघरात नेली. पॅडल फिरून खाली आले. गिड्डीच्या आईने खाली वाकून पाहिले. जमिनीवर दोन रेषा होत्या आणि चाक त्या दोहोंच्या मध्ये होते. तिने क्षणभरही विचार केला नाही. विचार करण्यासारखे त्यात तिच्या दृष्टीने काही नव्हते.

“बसतंय,” ती म्हणाली. “रेषेच्या आत आहे, अगदी काठोकाठ.”

मामाचा चेहरा पडला. शिंप्याने टाचण्या तोंडात धरूनच आनंद व्यक्त केला. बावन्नाचे चेनव्हील त्याच संध्याकाळी सायकलवाल्याला परत गेले, आणि मामा त्या रात्री जेवायला आला नाही. पुढच्या रात्री मात्र आला.

शर्यतीची सकाळ उजाडली. गावाबाहेर कालव्याच्या काठाने एक सरळ, निर्मनुष्य रस्ता होता. तेथून जायचे, दूरवर ठेवलेल्या एका पिंपाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचे. समोरून वारा असा सुटला होता की तंबूचे कापड फडफडत होते, आणि त्याची शिवण उसवत चालल्याचे शिंप्याच्या लगेच लक्षात आले. तपासणीच्या जागी सिमेंटवर पांढऱ्या रंगाने दोन रेषा काढलेल्या होत्या. तेथे पंच उभा होता. पंच करड्या कोटात होता आणि त्याच्या कोटाच्या बाह्या बोटांवर येत होत्या.

गिड्डीची सायकल रेषेवर लागली. पंचाने ती मागे ढकलली, खाली वाकला आणि शांतपणे म्हणाला, “बाहेर.”

पुन्हा ढकलून पाहा, अशी विनंती झाली. पंचाने पुन्हा ढकलली आणि पुन्हा तेच म्हणाला. शिंपी गुडघ्यांवर बसला. चाक रेषेच्या बाहेर किती गेले आहे हे पाहण्यासाठी त्याने तेथे बोटे टेकवली. ते अंतर त्याच्या ओळखीचे होते. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो त्याच अंतराच्या संगतीत राहत असे. पँटच्या तळाला जेवढी दुमड सोडतात, तेवढेच ते होते.

त्याने मान वर करून बायकोकडे पाहिले. तीही त्याच अंतराकडे पाहत होती आणि तिनेही ते ओळखले होते.

“तू बाहेरची रेषा धरलीस?” त्याने विचारले.

“मग कोणती धरणार? लग्न झाल्यापासून बाहेरचीच धरते मी.”

“अगं, ती जमीन होती. जमिनीला कुणी माया सोडतं का?”

“सोडली कुणी? खडू कुणाच्या हातात होता?”

“पण तुला कळायला नको?”

“अहो, वीस वर्षांत एकदा जरी मी तुमच्या रेषेवर कापलं असतं ना, तर अर्धं गाव आखूड कपड्यात फिरलं असतं. कळायला नको म्हणे.”

मामाने मध्ये पडून, आपण बावन्न म्हणत होतो याची सर्वांना आठवण करून दिली. त्यावर नवराबायकोचे त्या सकाळी प्रथमच एकमत झाले आणि दोघांनी मिळून त्याला गप्प बसवले.

पंचाने स्पष्ट केले, की मुलीची सुटण्याची पाळी शेवटून दुसरी आहे. तोवर सायकल नियमात बसवून आणली तर ठीक, नाही तर तिचे नाव खोडावे लागेल. बावन्नाचे चेनव्हील सायकलवाल्याकडे परत गेले होते आणि त्याचे दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. शिंपी हताश होऊन पंचाकडे बघत राहिला. बघता बघता त्याची नजर सवयीने पंचाच्या बाह्यांवर गेली आणि तेथेच खिळली. पंचाच्या ते ध्यानात आले. त्याने घसा खाकरून बजावले, की कोणी फुकट शिलाई करून देण्याचा विचार मनात आणत असेल, तर त्याच्या मुलीला तो जन्मात शर्यतीला उभी राहू देणार नाही. शिंप्याने शपथेवर सांगितले, की असे काही त्याच्या मनातही नव्हते. त्याला एवढेच वाटत होते की डावी बाही उजवीपेक्षा जास्त लांब आहे. पंचाने हात पाठीमागे बांधले, आणि त्या दिवशी पुढे त्याने ते शक्यतो पुढे आणले नाहीत.

मामाने युक्ती काढली, की चाकातली थोडी हवा सोडावी; चाक दबेल आणि अंतर आपोआप कमी भरेल. हवा सोडली. सायकल मागे ढकलली. अंतर नखभर कमी झाले आणि टायर मात्र जेवून पालथ्या पडलेल्या माणसासारखा पसरला. पंच म्हणाला, की अशीच चालवायची असेल तर आणखी सोडा, पण मग शर्यतही तशीच करावी लागेल. गिड्डीने पंप घेतला आणि हवा पुन्हा भरली.

भरता भरता ती थांबली. तिने चेनकडे पाहिले. तिच्या सायकलला पुढे दोन चेनव्हील होती. बाहेरचे मोठे, ते त्रेपन्न दात्यांचे. आणि आतले लहान, एकोणचाळीस दात्यांचे, जे चढावर वापरतात आणि सपाट रस्त्यावर ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

“मोठं चेनव्हील काढूनच टाकलं तर चालेल?” तिने पंचाला विचारले.

पंच विचारात पडला. त्याने मनातल्या मनात नियमाची उजळणी केली आणि म्हणाला, “जास्तीत जास्त किती ते नियमात आहे. कमीत कमी किती ते नाही.”

शिंप्याला धक्का बसला. त्रेपन्नाच्या जागी एकोणचाळीस म्हणजे कोटाला आणलेल्या कापडात लंगोट शिवण्यासारखे होते. या गिअरने सपाट रस्त्यावर पाय किती भरभर मारावे लागतील याची तिला कल्पना आहे काय, पोट दुखेल, हसे होईल, असे त्याने परोपरीने सांगून पाहिले. मामा मात्र एकदम उजळला आणि मांडीवर ताल धरून किती भरभर ते वाजवून दाखवू लागला. त्या वेगाने बँडमध्ये फक्त शेवटची धून वाजवतात, आणि तीही अर्धा मिनिट.

“बाबा,” गिड्डी म्हणाली, “मला सुटायचं आहे. हसू देत.”

मग मात्र शिंप्याने बाह्या सारल्या. पाच स्क्रू काढले. त्रेपन्न दात्यांचे ते झळझळीत चेनव्हील निघाले आणि मामाने ते, अंत्ययात्रेतल्यासारखे दोन्ही हातांवर घेऊन, बाजूला गवतावर ठेवले. परंतु स्क्रू परत लावताना नवेच संकट उभे राहिले. दोन चेनव्हीलांसाठी केलेले स्क्रू एकट्या चेनव्हीलला लांब पडत. लहान चेनव्हील खुळखुळ्यासारखे हलू लागले. मध्ये वॉशर हवे होते, आणि वॉशर कोणाजवळच नव्हते.

शिंप्याने खांद्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. टेप, खडू, दोऱ्याची रिळे, एक अर्धी बाही, आणि एका बाईंच्या पडद्यांसाठी आणलेल्या पितळी कड्या बाहेर पडल्या. पडद्याच्या दांडीत ओवायच्या मोठ्या कड्या नव्हेत. या लहान, दोरी घालायच्या. त्याने एक उचलली, स्क्रूवर चढवली, दुसरीकडून फिरवली आणि डोळे मिटून बोटाने चाचपली. बसली. बायको बाकीच्या चार निवडून त्याच्या हातात देऊ लागली, अगदी दुकानात बटणे देते तशी, आणि त्या वेळात दोघे एकमेकांना एक शब्दही टाकून बोलले नाहीत. चाक हलायचे थांबले. पंचाने सायकल मागे ढकलली. ती रेषेपासून इतकी आत राहिली, की मध्ये एक माणूस आडवा झोपला असता.

“पास,” पंच म्हणाला, आणि कड्यांकडे एकवार पाहून त्याने हात पुन्हा पाठीमागे बांधले.

गिड्डी सुटली तेव्हा लोक हसले, हे कबूल केले पाहिजे. इतर मुली खाली वाकून संथ, वजनदार पाय मारीत गेल्या होत्या. गिड्डीचे पाय दिसतच नव्हते. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनची सुई जशी दिसते न दिसतेशी होते, तसे तिच्या गुडघ्यांचे झाले होते, आणि वरचे अंग मात्र बसमध्ये बसल्यासारखे स्थिर होते. शेजारच्या एका गृहस्थाने हिची चेन तुटली वाटते असे अनुमान काढले आणि ही कोणाची मुलगी म्हणून शिंप्याला विचारले. शिंप्याने मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही होऊ शकला असता. मग त्याची त्यालाच लाज वाटली. तो त्या गृहस्थाच्या मागे जाऊन म्हणाला, की ती माझी मुलगी आहे आणि चेन शाबूत आहे.

मामा हत्यारांचा पत्र्याचा डबा घेऊन रस्त्याने बराच पुढे गेला होता. तेथून डब्यावर पान्याने वाजवलेला ताल वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येत होता. मागाहून कळले, की त्या तालाने तीन मुलींचे पाय चुकले आणि कालव्यावर पाणी भरायला आलेला एक माणूस नकळत दुडक्या चालीने घरी गेला.

गिड्डीची आई बांधावर डोळे मिटून बसली होती.

“काय दिसतंय?” ती मधून मधून विचारी.

“रस्ता,” शिंपी सांगे.

“आणि?”

“पुष्कळ रस्ता.”

एकेक मुलगी परत येऊ लागली. फळ्यावर वेळा लागू लागल्या. पिवळ्या बुटांची एक मुलगी आली आणि तिची वेळ सर्वांच्या वर गेली. जाणकार लोक म्हणू लागले, की समोरच्या वाऱ्यात जड गिअरवाल्या सगळ्या जणी जाताना दमल्या, हिने कसाबसा तग धरला. शिंप्याने हे ऐकले आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच आशेने डोके वर काढले. एकोणचाळिसाला वारा काय करणार होता? परंतु पाठोपाठ दुसरा विचार आला. येताना वारा पाठीवर होता. पाठीवरच्या वाऱ्यात जड गिअरवाल्या उडत येणार, आणि गिड्डीचे पाय मात्र आधीच जितके फिरू शकतात तितके फिरत असणार. त्याहून भरभर फिरायला मनुष्याचा जन्म पुरत नाही.

दूरवर एक ठिपका दिसला. त्याच्या मागे आणखी एक. पुढचा ठिपका हळूहळू गिड्डी झाला. मागचा ठिपका इंजिन होती, जी गिड्डीनंतर सुटली होती आणि आता तिला गाठत होती. इंजिनची कोणालाच चिंता नव्हती. ती पहिली येणारच होती. प्रश्न पिवळ्या बुटांचा होता. शिंप्याने फळ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा रस्त्याकडे पाहिले, आणि आपल्याला यातले काहीही कळत नाही हे जाणून पंचाकडे पाहिले. पंचाचा चेहरा कोऱ्या कापडासारखा होता.

गिड्डीचे तोंड उघडे होते. ती मधूनच पाय थांबवी, वाऱ्यावर नुसती घरंगळे, आणि वेग उतरायला लागला की पुन्हा ते अशक्य फिरवणे सुरू करी. शिंपी स्वतःच्या नकळत मशीनचे पायडल मारल्यासारखा जागच्या जागी पाऊल हलवू लागला. बायकोने डोळे उघडले आणि तीही उभी राहिली. रेषा आली. गिड्डी गेली. तिच्या मागोमाग इंजिन सणसणत गेली.

पंचाने घड्याळ पाहिले. फळा लिहिणाऱ्याच्या कानात काही सांगितले. लिहिणाऱ्याने सर्वांत वर इंजिनचे नाव लिहिले. मग त्याने पिवळ्या बुटांचे नाव पुसले, ते एक ओळ खाली लिहिले, आणि मोकळ्या झालेल्या ओळीत गिड्डीचे नाव लिहिले. दोघींच्या वेळेत एका शिंकेइतके अंतर होते.

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोचा हात धरला. तिने तो धरू दिला आणि मग, लोक आहेत, म्हणून सोडवून घेतला.

संघाचा प्रशिक्षक गर्दीतून वाट काढत आला. गिड्डी गवतावर आडवी पडली होती. त्याने आधी सायकल उचलली, पॅडल हाताने फिरवले, चेनव्हीलचे दाते मोजले आणि मग पाचही पितळी कड्यांवरून एकेक करून बोट फिरवले. हा गिअर कोणी निवडला, असे त्याने विचारले. शिंपी पुढे झाला, बायको पुढे झाली, आणि डबा वाजवत परतलेला मामा त्या दोघांच्या पुढे झाला.

“कोणी निवडला नाही,” गिड्डी पडल्या पडल्या म्हणाली. “उरला तो घेतला.”

प्रशिक्षक म्हणाला, की त्याच्याकडच्या सगळ्या मुलींना रेटता येते, पण पाय फिरवता एकीलाही येत नाहीत. जड गिअर काय, वय वाढले की मिळतोच. उद्या रस्त्याच्या शर्यतीला काय लावायचे ते तिचे तिने ठरवावे, आणि पुढच्या आठवड्यात संघाच्या सरावाला हजर व्हावे.

तो गेल्यावर गिड्डी उठून बसली. तिचे पाय अजून आपोआप थरथरत होते. तिने आई, बाबा आणि मामा यांच्याकडे आळीपाळीने पाहिले.

“उद्याचा गिअर मी ठरवणार,” ती म्हणाली. “कुणी मोजायचं नाही, कुणी आखायचं नाही, कुणी वाजवायचं नाही. तुम्ही तिघांनी फक्त जेवणाचा डबा आणायचा.”

तिघांनीही ते मुकाट्याने मान्य केले. पण शिंप्याला राहवले नाही आणि त्याने हलक्या आवाजात बायकोला विचारले, की डबा मोठा आणावा की लहान. तो म्हणाला, पोर दमलेली आहे, एक माप मोठाच बरा. मामा म्हणाला, भरल्या पोटी कुठला आलाय ताल, लहानच आणा. आईने दोघांनाही सुनावले, की डबा भरणारी मी आहे, तेव्हा मीच ठरवणार. वाद चांगलाच रंगला, आणि तो चालू असतानाच गिड्डी गवतावर सायकलच्या चाकाला डोके टेकून गाढ झोपी गेली.

वाचकहो, ही हकिकत येथे पूर्ण झाली. ज्यांनी ती सलग वाचली त्यांचे, आणि ज्यांनी मध्येच उठून घरच्या सायकलचे दाते मोजले त्यांचेही, मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. लिहिण्यात काही उणेअधिक झाले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी.

आपला नम्र,
रंगनाथ बाबूराव पारखे